महिरप काढत इंकस्केप शिका: संदर्भपुस्तिका कशी वापरायची

वेक्टर चित्रांचं, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेघांनी बनणाऱ्या चित्रांचं, सॉफ्टवेअर शिकायला माझ्याकडे जे येतात, त्यांच्यातले बरेचजण संदर्भपुस्तिका आधीच उतरवून घेऊन येतात. पहिल्या पानापासून सुरुवात केलेली असते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सगळं थांबलेलं असतं. "बाई, वाचलं ते लक्षातच राहत नाही," असं सांगतात. राहणारच नाही, कारण संदर्भपुस्तिका तशी वाचायची नसतेच. पंचांग कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. तिथी किंवा मुहूर्त पाहायचा असला की नेमकं ते पान उघडतो. पुस्तिकेकडेही प्रश्न घेऊन जायचं, आणि प्रश्न हवे असतील तर आधी काहीतरी काढायला घ्यायचं. हे 'काहीतरी' नीट निवडलं की अर्धं काम होतं.

मी पुण्यात शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून संकल्पचित्रं आणि कर्तव्यभूमिती घोटून घ्यायचे. आता लेझर कटिंगसाठी मखरं, तोरणं, दारावरच्या पाट्या यांची डिझाईन्स करते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तिच्यात सजावटीचं थर्माकोलही आलं, आणि गणपतीच्या आधी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) मखरांची मागणी वाढली. या कामाने मला एक शिस्त लावली. पडद्यावर चित्र सुंदर दिसून भागत नाही. यंत्र फक्त फाइलमधली रेघ पाहतं. रेघ उघडी राहिली असेल किंवा एकावर एक दोनदा आली असेल, तर लाकडावर ते दिसतंच. म्हणून नवशिक्यांनाही मी कापता येईल अशीच वस्तू काढायला लावते.

मी इंकस्केप वापरते. ते फुकट आहे, मुक्त आहे, आणि त्याची फाइल मुळातच एसव्हीजी, म्हणजे वेक्टर चित्रांचा सगळीकडे चालणारा प्रकार, असते. नारायण-शनिवार पेठांतल्या छापखान्यांत कोरलड्रॉ चालतं, जाहिरात संस्थांमध्ये इलस्ट्रेटर. पण पुस्तिका वापरायची पद्धत तिन्हींना तीच आहे, आणि खाली जी वक्ररेषा मी समजावणार आहे तीही तिन्हींत एकच. फ्रान्समध्ये मोटारींचे आकार काढण्यासाठी सित्रोएनमधले द कास्तेल्जो आणि रेनोमधले बेझिए यांनी जे गणित वेगवेगळं मांडलं, तेच गणित आज या सगळ्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. १९८७ साली इलस्ट्रेटर बाजारात आलं तेव्हापासून पेन टूल याच गणितावर चालतंय.

आधी आवृत्ती जुळवा

पुस्तिका कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते पाहा, मग हेल्प मेनूतल्या 'अबाउट'मध्ये आपल्या संगणकावर कोणती आहे ते पाहा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर पुढे तासन्‌तास वाया जातात. इंकस्केपची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली आणि तिच्यात शून्याची जागा बदलली. त्याआधी पानाचा खालचा डावा कोपरा शून्य धरत, आता वरचा डावा. जुन्या पुस्तिकेत 'वाय वाढवा म्हणजे वस्तू वर जाईल' असं असेल, आणि तुमच्याकडे ती खाली जाईल. त्याआधी ०.९२ मध्ये एका इंचातले पिक्सेल ९० वरून ९६ झाले होते, म्हणून फार जुन्या फाइल्स उघडताना मोजमाप तपासावं लागतं. १.३ मध्ये शेप बिल्डर नावाचं नवं साधन आलं, ते जुन्या पुस्तिकेत सापडणारच नाही. मेनूतलं एखादं नाव पुस्तिकेप्रमाणे दिसलं नाही की "आपल्यालाच जमत नाही" असं मुली धरून चालतात. तसं काही नसतं.

अनुक्रमणिका पेन्सिल घेऊन वाचा

सलग वाचायची असेल तर एकच गोष्ट: अनुक्रमणिका. ती सगळी वाचा. प्रकरणांपुढे पेन्सिलीने तीन खुणा करा: आत्ता लागणार, नंतर लागेल, आणि सध्या बघायचंच नाही. पहिल्या खुणेची प्रकरणं थोडीच निघतील: वस्तू निवडणं आणि हलवणं, मूळ आकार, पाथ (आकाराची रेघ) आणि नोड (त्या रेघेवरचे बिंदू), आकारांची बेरीज-वजाबाकी, अक्षरं, आणि फाइल बाहेर काढणं. फिल्टर, मेश ग्रेडियंट, एक्सएमएल एडिटर, एक्स्टेंशन लिहिणं, यांच्यापुढे बिनधास्त फुली मारा. ती पानं कुठे पळून जात नाहीत.

नोडचं प्रकरण आणि कळफलकावरच्या शॉर्टकटची यादी मात्र कागदावर हवी. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढून मिळते, स्पायरल करून घ्या. घरी बहुतेकांकडे एकच पडदा असतो. चित्र आणि पुस्तिका यांच्यात सारखं पुढे-मागे करत राहिलं की हाताची लय तुटते. पुस्तिका कळफलकाशेजारी उघडी पडलेली असली की नजर नुसती खाली जाते आणि हात माऊसवरच राहतो.

आणखी एक चीज इंकस्केपच्याच हेल्प मेनूत आहे: ट्युटोरियल्स. ही साधी वाचायची पानं नाहीत, त्या चित्राच्याच फाइल्स आहेत. उघडलं की त्यातला आकार तिथल्या तिथे ओढून पाहता येतो. 'बेसिक', 'शेप्स' आणि 'अॅडव्हान्स्ड' एवढ्या तीन करा. शिवाय पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते तिच्यावर लक्ष ठेवा. हातात जे साधन असेल त्याच्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट किंवा ऑल्ट दाबलं तर काय होईल ते ती सांगत असते.

काय काढायचं?

महिरप काढा. गणपतीच्या मखराला लागते, कर्तव्यभूमिती केलेल्या कोणालाही तिची रचना कळते, आणि शाळेत महिरपी कंस काढला नाही असं कोणी नाही. तिच्यात वर्तुळं आहेत, आरसा-प्रतिमा आहे, टोक आहे. म्हणजे पुस्तिकेतली महत्त्वाची सगळी प्रकरणं ती आपोआप उघडायला लावते.

आधी एकदा डोळे भरून पाहून या. १८०७ चा विश्रामबागवाडा बाजीराव रोडच्या गर्दीत उभा आहे. समोरच्या फुटपाथवर थांबून त्याचे सुरूचे खांब आणि लाकडावरचं कोरीवकाम निरखा. नातूबागेतल्या केळकर संग्रहालयात कोरीव दारं, पितळी दिवे आणि अडकित्ते आहेत. अडकित्त्याची मूठ कुठे वळते, वळण कुठे संपतं आणि टोक कुठे येतं हे वहीत पेन्सिलीने टिपून आणा. नोडचं प्रकरण वाचताना ही पानं फार उपयोगी पडतात.

आता मोजमापं. ही मी मुद्दाम आकड्यांत देते, कारण 'साधारण इथे एक वर्तुळ काढा' या सूचनेने सॉफ्टवेअर शिकता येत नाही.

सुरुवातीला कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा. एकक मिलिमीटर, पान ४०० रुंद, ५०० उंच. मग प्रेफरन्सेसमध्ये 'टूल्स'खाली बाउंडिंग बॉक्सची (वस्तूभोवतीच्या मापाच्या चौकटीची) निवड असते, तिथे 'जॉमेट्रिक' करा. हा पहिला खरा प्रश्न, जो घेऊन पुस्तिकेकडे जायचं: दोन पर्यायांत फरक काय? 'व्हिज्युअल'मध्ये रेघेची जाडीही मापात धरली जाते. १ मिलिमीटर जाड रेघेचा १०० चा चौकोन मग १०१ दिसतो. कापायच्या कामात हे चालत नाही.

पानाएवढाच एक आयत काढा, डावा-वरचा कोपरा शून्य-शून्यवर. ही झाली फळी. आता मोकळ्या जागेचे आकार. निवडीचं साधन हातात असताना वरच्या पट्टीत एक्स, वाय, रुंदी, उंची लिहिता येतात. एक्स-वाय म्हणजे त्या आकाराचा डावा-वरचा कोपरा. आयत: एक्स ७०, वाय २००, रुंदी २६०, उंची ३१०. तो फळीच्या खाली १० मिलिमीटर बाहेर जाईल, जाऊ द्या. दोन कडा तंतोतंत एकावर एक आल्या तर वजाबाकीनंतर केसाएवढी पट्टी मागे राहू शकते. मग ९० व्यासाची पाच वर्तुळं: पहिलं ७०-१५५ वर (आधी एक्स, मग वाय), दुसरं १०५-९५, तिसरं मधलं १५५-६०, चौथं २०५-९५, पाचवं २४०-१५५. मध्ये पोकळी राहते, ती भरायला १८० व्यासाचं एक मोठं वर्तुळ ११०-११० वर. ते पाकळ्यांच्या बाहेर डोकावत नाही.

फळी सोडून बाकी सगळं निवडा आणि कंट्रोल-अधिक दाबा. सगळे मिळून एकच आकार होईल. आता फळीही निवडा, कंट्रोल-वजा. वरचा आकार खालच्यातून वजा होतो आणि पाच पाकळ्यांची महिरप तयार. वर कोण आणि खाली कोण याने उत्तर बदलतं. ते उलट करून पाहा, मग पुस्तिकेतलं ते अर्धं पान वाचा. हाताने केल्यावर वाचलेलं कळतं आणि टिकतं.

नोडच्या प्रकरणात मुक्काम करा

बाकी सगळीकडून भरभर जा, इथे मात्र घाई करू नका. वेक्टर चित्रकला म्हणजे नोड आणि त्याचे हँडल, म्हणजे नोडमधून निघणाऱ्या, रेघेचा बाक ठरवणाऱ्या दांड्या. उरलेलं सगळं सोयीसाठी आहे.

एक वर्तुळ काढा, त्रिज्या १०० मिलिमीटर. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून त्याचा पाथ करा आणि एफ-२ दाबून नोडचं साधन घ्या. इतक्या गोल आकाराला फक्त चार नोड दिसतील: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक नोडचं हँडल स्पर्शरेषेवर आडवं किंवा उभं असतं आणि त्याची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट, म्हणजे इथे ५५ मिलिमीटर. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं सोपं जातं: नोड आकाराच्या टोकाच्या जागी ठेवायचे, म्हणजे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे, आणि जिथे खरोखर कोपरा आहे तिथे. मधल्या जागी नोड लागत नाहीत, मधला बाक हँडल सांभाळतात.

याच तत्त्वाने कोयरी काढा. शेंड्याला एक नोड, पोटाच्या डाव्या, खालच्या आणि उजव्या कडेला एकेक, आणि शेंडा जिथे आत वळतो तिथे एक. पाच नोडांत पैठणीच्या पदरावर शोभेल अशी कोयरी होते. शेंड्याचा नोड शिफ्ट-सी दाबून टोकदार करा, बाकीचे शिफ्ट-एस दाबून गुळगुळीत. शिफ्ट-वायने दोन्ही हँडल सारख्या लांबीचे होतात, शिफ्ट-एने सॉफ्टवेअर स्वतः अंदाज करतं. हे चार प्रकार पुस्तिकेत एका तक्त्यात असतील. तक्ता पाठ करू नका. एकाच कोयरीच्या एकाच नोडला चारही लावून पाहा आणि काय बदललं ते वहीत काढून ठेवा.

मग महिरपीकडे परत या. मधल्या पाकळीचा सर्वांत वरचा नोड निवडा, शिफ्ट-सी करा, कंट्रोल धरून १५ मिलिमीटर वर ओढा. आता दोन्ही बाजूंचे हँडल एकेक करून थोडे खाली वळवा. गोल पाकळीला टोक येतं, आणि अचानक तो आकार वाड्यातला वाटायला लागतो. या क्षणी शिकणाऱ्याचा चेहरा खुलतो, ते पाहायला मला आजही आवडतं.

इथे एक मोह होतो. फोटो घ्यायचा, ट्रेस बिटमॅप (फोटोवरून आपोआप रेघा काढणारी सोय) चालवायचं, कोयरी मोकळी. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने मोराचा असा ट्रेस आणला होता. पडद्यावर छान होता. नोडचं साधन लावल्यावर खालच्या पट्टीत नोडांची संख्या हजारांत निघाली आणि कडेला मुंग्या लागल्यासारखी दाटी दिसली. लेझर अशा कडेवर अडखळत चालतो, मंदावतो तिथे लाकूड जास्त जळतं, आणि कड खडबडीत येते. कंट्रोल-एल दाबून नोड कमी करता येतात, पण त्याने टोकं बोथट होतात. तो फोटो खाली ठेवून, वर पेन टूलने मोजके नोड टाकत मोर पुन्हा काढायला तिला एक दुपार लागली. मोर तिचा स्वतःचा झाला.

डावं-उजवं

संकल्पचित्रात अर्धा भाग काढून ट्रेसिंग पेपर उलटा घासायचो, तेच इथे करायचं आहे. कोयरी महिरपीच्या डाव्या खांद्यावर ठेवा, कंट्रोल-डीने प्रत काढा, एच दाबा. प्रत उलटेल, पण जागच्या जागीच. ती उजव्या खांद्यावर नेमकी कशी पोचवायची? पुस्तिकेच्या शॉर्टकटच्या यादीत बारीक अक्षरात याचं उत्तर आहे: वस्तूवर पुन्हा एकदा टिचकी मारली की फिरवण्याचे बाण आणि मध्ये फिरण्याच्या केंद्राची खूण दिसते, ती खूण ओढून दुसरीकडे ठेवली तर एच दाबल्यावर त्या जागेभोवती आरसा होतो. कडेच्या मोजपट्टीवरून ओढून एक्स २०० वर उभी गाईड (मार्गदर्शक रेघ) टाका, केंद्राची खूण तिच्यावर नेऊन ठेवा, मग एच. कोयरी बरोबर समोरच्या खांद्यावर जाते. अशा बारीक ओळींसाठीच संदर्भपुस्तिका जपून ठेवायची. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना असं सहसा कोणी दाखवत नाही.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी पुस्तिकांमधलं अक्षरांचं प्रकरण आपल्याला अर्धंच पुरतं. वर 'श्रीगणेशाय नमः' लिहायचं आहे असं धरा. युनिकोड फॉन्ट घ्या. 'मुक्त' किंवा 'नोटो' हे फॉन्ट फुकट मिळतात, आणि कापण्यासाठी जाड वजन निवडा. ग, ण, श या अक्षरांचे भाग एकमेकांना चिकटलेले नसतात, ते फक्त शिरोरेषेवर टांगलेले असतात. शिरोरेषा बारीक असेल तर लाकडात अक्षर तिथेच मोडतं.

अक्षरांचा पाथ करा (पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-सी), गट सोडवा, आणि व्ह्यू मेनूतून आउटलाइन दृश्य लावा. शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभ्या रेघा दिसतील, कारण फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. असंच पाठवलं तर लेझर त्या सांध्यांवरही कापेल आणि शब्दाचे तुकडे पडतील. सगळं निवडून कंट्रोल-अधिक, की एकच बाह्यरेषा राहते. शब्द एकसंध निघतो, ही शिरोरेषेची कृपा. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं.

विसर्गाचे दोन ठिपके, अनुस्वार आणि ॐ वरचा चंद्रबिंदू मात्र सुटेच राहतात. त्यांना छोट्या आयताचा पूल जोडा आणि बेरीज करा. मी पूल २ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवत नाही. उलट, अक्षरं फळीतून कोरून काढायची असतील तर व, क, म यांच्या पोटातले भाग गळून पडतात. तिथेही पूल हवा.

छापखान्यात फाइल द्यायची असली तरी "कर्व्ह करून द्या" असं सांगतात, तेही हेच. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. अक्षरांची मूळ प्रत वेगळी जपून ठेवा; पाथ झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

दुकानात देण्याआधी

सगळ्या आकारांचा भराव काढून टाका, रेघ ०.१ मिलिमीटर करा. कापायच्या आणि कोरायच्या रेघांना वेगळे रंग द्यायचे असतात. कुठला रंग कशाला, ते दुकानागणिक बदलतं. फाइल एसव्हीजीत चालेल की डीएक्सएफ (कापण्याच्या यंत्रांना चालणारा दुसरा प्रकार) हवी हेही त्याच वेळी विचारा. आउटलाइन दृश्यात पुन्हा एकदा पाहा. एकावर एक दोन प्रती पडल्यात असा संशय आला तर माऊसने चौकट ओढून तेवढा भाग निवडा, खालची पट्टी किती वस्तू निवडल्या ते सांगते. एक दिसत असून दोन लिहिलं असेल, तर वरची उडवा.

मखर उभं राहायला पाय लागतो आणि पायात फळी अडकवायला खाच. एमडीएफवर ३ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी व्हर्निअरने मोजा, थोडा फरक निघतोच. शिवाय लेझर स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातो, त्यामुळे खाच काढलेल्यापेक्षा किंचित रुंद येते. म्हणून आधी एक छोटी पट्टी काढा, तिच्यात २.७, २.८, २.९, ३.० आणि ३.१ मिलिमीटर रुंदीच्या पाच खाचा ठेवा, प्रत्येकीखाली आकडा कोरायला द्या. ज्या तुकड्यातून मखर कापायचं त्याच तुकड्यातून ही पट्टी कापून घ्या, फळीची कड एकेका खाचेत घालून पाहा, आणि जी हाताच्या जोराने घट्ट बसेल तिचं माप पायाच्या फाइलमध्ये टाका.